कापलेले श्वास

एलियानाचा आवाज मी सोळा वर्षं कापतो आहे.
डोळे मिटूनही बोटांना तो ओळखू येतो :
'म्हणजे'च्या आधी टाळ्याला बसणारी जिभेची टिचकी,
'शक्यता आहे'पाशी किंचित उतरणारा सूर,
आणि ज्या दिवशी ती जेवलेली नसते
त्या दिवशीची पोटातली गुरगुर,
जी मी एका फोल्डरमध्ये ठेवून दिली आहे.
का, ते विचारू नका.

आन्कूदला स्टुडिओ नाही.
तिच्या आईच्या कपाटात, ओलसर लोकरी कोटांत डोकं खुपसून
ती कृष्णविवराबद्दल बोलते.
(“इथे आत बसलं की समजावणं सोपं जातं.”)
पत्र्यावरचा पाऊस मी काढून टाकतो.
पाऊस काढलास तर हे बेट कुठलं, असं ती भांडते.
मग थोडा परत टाकतो.

त्याआधी ती वर्तमानपत्रात होती.
भरती-ओहोटीचं कोष्टक, हरवलेली मेंढरं, निधनवार्ता,
आणि आठवड्याला एक विज्ञानाचा कॉलम,
ऐनवेळी जाहिरात आली नाही तरच.
त्या कॉलमात एकदा दशांशचिन्ह
एक घर उजवीकडे सरकलं.
शिंपल्यांतलं विष दहापट झालं.
'ध'चा 'मा' व्हायला राजवाडा लागत नाही;
रात्रीचे साडेअकरा
आणि एक दमलेलं बोट पुरतं.

डोन्या ऑर्फेलिनाच्या टोपल्या बाजारातून
भरल्या तशा परत गेल्या. दुसऱ्या दिवशीही.
खुलासा आला चौथ्या दिवशी, अकराव्या पानावर,
'गाभण गाय विकणे आहे'च्या खाली, दोन ओळी.
एलियाना तो कागद घेऊन तिच्या दारात उभी राहिली.
म्हातारीला वाचता येत नव्हतं.
“चूक कसली वाचून दाखवतेस?” ती म्हणाली,
“बातमी तरी मी कुठे वाचली होती?
ऐकली होती.”

तिथून हे सगळं. पुरस्कार-बिरस्कार नंतरचे.
पहिला भाग ऑर्फेलिनाच्याच चुलीपाशी झाला,
लाकडं तडतडत होती, मी नवा होतो,
तडतड काढता काढता निम्मी म्हातारी काढून टाकली.

मध्ये सान्तियागोहून मोठ्या स्टेशनचं बोलावणं आलं.
तिथे म्हणायचे, 'कदाचित' कमी कर, लोक चॅनल बदलतात.
सात महिन्यांनी ती फेरीबोटीतून उतरली,
दोन बॅगा, सर्दी,
आणि 'कदाचित' शाबूत.

प्रत्येक भाग तसाच सुरू होतो :
“मागच्या वेळी माझं काय चुकलं.”
एकदा काही सापडेचना.
अकरा मिनिटं कपाटात नुसते कागद वाजत राहिले, मग ती म्हणाली,
“मिळालं नाही. म्हणजे नसेलच असं नाही.”

आणि हेरिबेर्तो मान्सिया,
तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळ मोजणारा माणूस.
लाल भरती पुन्हा येईल का, तिने विचारलं.
खुर्ची करकरली. फ्रीज सुरू झाला, बंद झाला.
लांबवर कुणाचं तरी इंजिन.
मी कात्री उचलली, तिने माझं मनगट धरलं.
“राहू दे,” म्हणाली, “एवढ्या वेळात तो
तीस वर्षं चाळतोय.”
मग त्याचं “माहीत नाही” आलं,
आणि त्या आठवड्यात कधी नव्हे ती कोळ्यांची पत्रं आली.

या हिवाळ्यात तिच्या स्वरयंत्रावर गाठी निघाल्या.
पुएर्तो मॉन्तच्या डॉक्टरने दोन महिने बोलू नका म्हणून सांगितलं.
मी ते फोल्डर उघडलं.
कापलेले सगळे श्वास एकापुढे एक जोडले,
दोन तास चाळीस मिनिटं भरले,
आणि तिला दिले, काय द्यावं हे न सुचून.

तिने हेडफोन लावून सगळे ऐकले.
शेवटापाशी आल्यावर पाटी ओढली, खडूने लिहिलं :
१ तास १२ मिनिटांनी येणारे तीन श्वास
माझे नाहीत.
नीट ऐक. मागे लाकूड तडकतंय.

मग पुसून, खाली बारीक अक्षरात :
मागच्या वेळी तुझं काय चुकलं?